दादाचं कुलूपबंद पुस्तक

गेल्या दसऱ्याला मी माझ्या हातानं माझं दुकान कृष्णेत सोडून आलो. सबंध दुकान नव्हे, पण त्याचा जीव म्हणावा असा ऐवज.

सांगलीत माझं टायपिंगचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं आणि क्वचित एखाद्या हौशी माणसाचं पुस्तक. मराठी अक्षरजुळणीचं माझं जे सॉफ्टवेअर आहे, त्याला एक लॉक असतं. अंगठ्याएवढी हिरवी प्लॅस्टिकची कांडी. ती संगणकाच्या पाठीत खुपसली तरच सॉफ्टवेअर उघडतं. नसली, तर तुम्ही चोरून आणलेली प्रत वापरताय असं ते समजतं आणि गप्प बसतं. दुकानातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा मला त्या कांडीचा अभिमान होता. शेजारच्या गल्लीतला माझा व्यवसायबंधू वर्षानुवर्षं फुकटचं, कुलूप फोडलेलं सॉफ्टवेअर वापरत होता. त्याला मी चहा पिताना न चुकता ऐकवायचो, "आमचं अस्सल आहे बाबा."

तर खंडेनवमीला सगळे आपापली हत्यारं पूजतात. शेतकरी कोयता-विळा, गवंडी थापी, मी काय पूजू? कात्री, स्टेपलर आणि ती कांडी. पाटावर मांडून हळदीकुंकू वाहिलं, झेंडू घातला. दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झाल्यावर घरचं आणि दुकानचं निर्माल्य एका पिशवीत भरलं आणि घाटावर गेलो. तिथं महापालिकेनं निर्माल्यासाठी कुंड ठेवलं होतं. त्यात टाकलं असतं तर उकरून तरी काढता आलं असतं. पण पाण्यात सोडल्याशिवाय माझ्या मनाला बरं वाटत नाही, म्हणून मी इकडेतिकडे बघून पिशवी नदीत मोकळी केली. वर हातही जोडले. हळदीकुंकवानं माखलेली कांडी झेंडूच्या गर्दीत कधी गेली, ते मला दुकान उघडल्यावर कळलं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग तिचं हसू गेलं. "दादांचं पुस्तक?" तिनं विचारलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी शेती बघायला लागला. तो बोलायचा कमी. बोलायचं काम घरात माझ्याकडं. लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की कुणीतरी म्हणणारच, "तात्या, दादाची बर्फातली गोष्ट सांगा." मग मी सांगायचो. कडा कसा कोसळला, दादानं उघड्या हातांनी बर्फ कसं उकरलं, पलटणीतल्या जोडीदाराचं डोकं मांडीवर कसं घेतलं, आणि तो कसा म्हणाला, "आईला सांग, मी घाबरलो न्हाई." इथं मी थोडा थांबायचो. बायका पदर डोळ्याला लावायच्या.

दादा कोपऱ्यात सुपारी कातरत ऐकायचा. एकदा एका लग्नातून परतताना तो मला म्हणाला, "तू लय मीठमसाला लावतोस रं. ऐकताना मलाच वाटतं, ह्यो कोण म्हणायचा एवढा शूर गडी? एकदा भेटाय पायजे त्याला."

मी म्हटलं, "दादा, लोकास्नी आवडतं."

"आवडतं म्हणूनच म्हंतोय. तुझं ऐकून ऐकून माझं खरं काय व्हतं, ते मलाच आठवंना झालंय. पुरतं इसरायच्या आत लिवून ठेवतो."

म्हणून पुस्तक. दर रविवारी तो एसटीनं सांगलीला यायचा. मी शटर अर्धं खाली ओढायचो. तो स्टुलावर ताठ बसून सांगायचा आणि मी टाइप करायचो. एक अट त्यानं पहिल्याच दिवशी घातली. पुरं होईस्तोवर एकही पान छापायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. "आनि तुला तर बिलकूल न्हाई," तो म्हणाला. "तू टायपायचं. सांगाय जायचं न्हाई कुटं."

मग मी माझी हुशारी दाखवली. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. फाइललाही कुलूप घालता यायचं, म्हणजे ती फक्त आपल्याच कांडीवर उघडते. दुसऱ्या दुकानात कुणी नेली, तरी वाचता येत नाही. दादाला ते एवढं आवडलं की त्यानं मला भजी खायला घातली. फाइलच्या प्रती मी तीन ठिकाणी ठेवल्या. सावध माणूस ना मी! तिन्ही प्रतींना तेच एक कुलूप.

बर्फाचं प्रकरण त्यानं सगळ्यात शेवटी सांगितलं. त्या दिवशी गस्तीवर जायची पाळी दादाची होती. त्याची दाढ ठणकत होती. जोडीदार म्हणाला, तू झोप, मी जातो. कडा कोसळला तेव्हा दादा तंबूत पांघरूण घेऊन पडला होता. उकरणारे दुसरेच होते. जोडीदार सापडला दुसऱ्या दिवशी, आणि सापडलेला माणूस काही बोलत नसतो.

एवढं सांगून दादा थांबला. प्रकरणाचं शेवटचं वाक्य त्याला सुचेना. एक रविवार नुसता शटरकडं बघत गेला. पुढच्या रविवारी आल्या आल्या, चप्पल काढायच्या आधी, त्यानं ते वाक्य सांगितलं. मी टाइप केलं. तो म्हणाला, "झालं. आता छाप. पयली प्रत माझ्या जोडीदाराच्या धाकट्या भावाच्या हातात द्यायची. आष्ट्याला ऱ्हातोय. उभ्या जल्मात तोंडानं सांगाय जमलं न्हाई मला."

आम्ही दिवाळीला छापायचं ठरवलं. मध्ये दसरा आला.

पुण्यातल्या कंपनीला फोन लावला. एक बाई फार अदबीनं बोलल्या.

"सर, लॉक हेच लायसन्स. ते हरवलं तर नवीन घ्यावं लागेल."

"घेतो. पण जुनी फाइल?"

"ती तुम्ही लॉक केलीय ना सर. ती त्याच नंबरच्या लॉकवर उघडेल."

"मग त्याच नंबरचं द्या."

"तसं देता येत नाही. लोक एक हरवलं म्हणून सांगतात आणि दोन दुकानं चालवतात."

"अहो, मी चोर नाही!"

"मी तसं म्हटलंच नाही सर," त्या म्हणाल्या. "पण सगळे हेच म्हणतात."

शेवटी त्यांनी अर्ज करा म्हणून सांगितलं. सोबत पोलिसांचा दाखला जोडा, मग विचार करू. ठाण्यावर गेलो. हवालदारानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"चोरीला गेलं?"

"नाही."

"गहाळ झालं?"

"नाही, मीच सोडलं. नदीत."

त्यानं पेन खाली ठेवलं. "काका, ही ना चोरी, ना गहाळ. हे विसर्जन झालं. त्याला दाखला कुठला देऊ?"

पाठीमागच्या बाकावरचे दोघंतिघं हसले. मीही हसलो. दादा धडधाकट होता तोवर मला हसता येत होतं. गहाळचा दाखला त्यानं दयेनं दिला आणि मी अर्ज धाडला. उत्तर आलं की अर्ज मिळाला.

त्याच सुमारास, मी दादाला काही सांगण्याआधीच, गावाकडून वहिनींचा फोन आला. दादाला झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

कऱ्हाडच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर तो सोप्यात कॉटवर पडून असायचा. मी गेलो की डावा हात उचलून माझ्याकडं बोट करायचा आणि मग तळहात उघडायचा, मिटायचा. वहिनी म्हणाल्या, "आवं, त्यास्नी पुस्तक पायजे. वाचाय येत न्हाई आता, पर ऐकाय पायजे. तुमी गेल्यावर दारातनं नजर काढीत न्हाईत."

मी पुन्हा पुण्याला फोन लावला. माणूस आजारी आहे, त्याला त्याचंच ऐकायचंय, असं सांगितलं. बाईंचा आवाज खरंच हळवा झाला. त्या म्हणाल्या, "सर, माझ्या हातात असतं तर दिलं असतं." मला ते पटलं. त्यांच्या हातात नव्हतंच. कुणाच्याच हातात नव्हतं. तो नियम चोरासाठी केलेला होता, आणि चोर तर ते सॉफ्टवेअर शेजारच्या गल्लीत सुखानं चालवत होता. कोर्टात निदान चोराच्या बाजूनंही कुणी उभं राहतं. कुलपासमोर आपली बाजू मांडायची सोय नाही.

बायको म्हणाली, "जा की त्या तुमच्या मित्राकडं. फोडू दे कुलूप. आपलंच आहे."

मी मान खाली घालून गेलो. तो मला आयुष्यभराचे टोमणे परत करील असं वाटलं होतं. "आलास? अस्सलवाला!" एवढंच तो म्हणाला. मग दादाचं ऐकल्यावर चहाही न घेता माझ्या दुकानात आला आणि कामाला लागला. सॉफ्टवेअर त्यानं हां हां म्हणता उघडलं. फाइलही उघडली. पानं तेवढीच होती, परिच्छेद जागच्या जागी होते. पण अक्षरं नव्हती. नुसते काने, मात्रा, आकडे, चौकोन, भुंगे फिरल्यासारखे. त्याची दोन-तीन हत्यारं वापरून झाली. मग तो खुर्चीत मागे टेकला. "सॉफ्टवेअरचं कुलूप फुटलं रे," तो म्हणाला. "हे तू घातलेलं फुटत नाही."

बायकोनं विचारलं, "पण टाइप तर तुम्हीच केलंय. आठवत असेल ना?"

आमच्या धंद्यातली ही गंमत बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. टाइप करणाऱ्याची बोटं ऐकतात. डोकं तेव्हा दुसऱ्या कुठल्यातरी पत्रिकेच्या मजकुरात असतं. प्रसंग मला आठवत होते, बर्फाचाही; ते मी तिला सांगितले. दादाचे शब्द नव्हते. आणि ते शेवटचं वाक्य, जे त्यानं चप्पल काढायच्या आत सांगितलं, ते माझ्या दहा बोटांतून गेलं आणि त्यातलं एक अक्षर माझ्यात उरलं नाही. लांबीला लहान होतं, एवढं सांगू शकतो.

शेवटी ती चौकोन-भुंग्यांची पानं मी छापली. जाडजूड गठ्ठा झाला. तो घेऊन गावी गेलो, चष्मा लावला, कॉटशेजारी बसलो आणि वाचायला लागलो. म्हणजे पान समोर धरून आठवेल तसं सांगायला लागलो. दादाचं तोंड उजळलं. भरतीचं सांगितलं, पहिल्या पगाराचं सांगितलं. मी अगदी साधं बोलत होतो. मीठ नाही, मसाला नाही. मधूनमधून तो "हं" करायचा. वहिनी उंबऱ्यात बसून ऐकत होत्या.

बर्फाचं पान आलं. मी सांगत गेलो. कडा कोसळला. आणि जिभेला सवय असते हो. "जोडीदाराचं डोकं मांडीवर घेतलं, तो म्हणाला, आईला सांग..."

दादाचा डावा हात कॉटच्या लोखंडावर आपटला.

मी थांबलो. घसा खाकरला, पान चाळल्यासारखं केलं. "चुकून दुसरं पान लागलं दादा," म्हणालो. आणि मग खरं सांगितलं. पाळी कुणाची होती, दाढ कुणाची ठणकत होती. हात खाली आला. तो माझ्या ओठांकडं बघत होता. आता फक्त ते वाक्य राहिलं होतं.

मी एक वाक्य रचलं. वाईट नव्हतं. लग्नात सांगितलं असतं तर पदर डोळ्याला लागले असते.

दादानं माझ्याकडं बघितलं. मग हात लांब करून तो कागद माझ्याकडून घेतला. वाचता येत नसलं तरी अक्षर कसं दिसतं, ते माणूस विसरत नाही. बराच वेळ त्यानं ते भुंगे बघितले. कागद छातीवर उपडा ठेवला आणि डोळे मिटले.

"झोपलं वाटतं," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या.

झोपला नव्हता. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघून कानात चाललं होतं. ते मी धोतराच्या सोग्यानं टिपलं, त्याच्याच. त्यानंतर मी गेलो की त्यानं कधी तळहात उघडून दाखवला नाही. थंडी सरायच्या आत तो गेला.

दहाव्याला नदीवर बरीच माणसं जमली. जोडीदाराचा धाकटा भाऊ आष्ट्याहून आला होता. पांढरा पटका, हातात काठी. कावळा शिवला, माणसं सावलीला बसली, आणि एका चुलतभावानं म्हटलंच, "तात्या, दादाची बर्फातली गोष्ट सांगा. शेवटची."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ. पण समोर तो म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला होता, भावाचं ऐकायला. मी सांगितली. कडा, उघडे हात, मांडी, आईला सांग. थांबायचं तिथं थांबलोही. म्हाताऱ्यानं माझे दोन्ही हात धरले. "लय उपकार झालं दादांचं आमच्यावर," तो म्हणाला. "कोन करतंय एवढं?"

परतताना बायको गाडीत मागच्या सीटवर बसली होती. आष्ट्याचा फाटा आला तेव्हा म्हणाली, "पुस्तक नाही तर नाही. तुम्ही एकदा जा त्यांच्याकडं. पाळी दादांची होती एवढं सांगा. शेवटचं वाक्य आठवत नाही म्हणून सांगा. आणि त्याला आणखी काही जोडू नका."