डागाची जागा

वकिलांच्या ऑफिसात त्यांना सगळे सारभूतराव म्हणत. तोंडावर नाही, पण पार्टिशन पातळ होतं, आणि एकतीस वर्षांत एकदाही कानावर आलं नाही असं म्हणायला ते काही बहिरे नव्हते. काम करारनामे लिहिण्याचं. खरेदी असो, भागीदारी असो, त्यात 'सारभूत' हा शब्द पडल्याशिवाय त्यांचा कागद टायपिंगला जात नसे. करारातली प्रत्येक चूक सारखी नसते. जिच्यामुळे सौद्याच्या गाभ्यालाच धक्का लागतो ती सारभूत, तिच्यापायी माणूस करारातून उठून जाऊ शकतो. बाकीच्या किरकोळ, त्या निस्तरायच्या आणि पुढे जायचं. ओळखायची कशी? शिकाऊ वकिलांना ते चष्मा कपाळावर सरकवून सांगत, "समोरच्याला ही गोष्ट आधी कळली असती, तर सही करताना त्याचा हात थांबला असता का? थांबला असता, तर सारभूत."

चष्मा कपाळावर सरकवण्याचा भाग त्यांना स्वतःलाच फार आवडे.

घरीही तेच. नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलवायचं विसरले की बायकोला म्हणत, "भंग आहे, पण किरकोळ." लग्नाचा वाढदिवस विसरले, त्या वर्षी हेच वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यांनी गिळलं. आपल्या शहाणपणाचा पुरावा मागितला तर दाखवायला हा एक प्रसंग आहे, असं ते स्वतःशी कबूल करत.

त्यांच्या मोठ्या बहिणीचं, ताईचं, कपडे ड्रायक्लीन करण्याचं दुकान होतं. भावजी गेल्यावर तिने ते एकटीने चालवलं. आता लेकीला सहावा महिना लागला होता आणि ताईला दुकान विकून कायमचं तिच्याकडे जायचं होतं. समोरचा पडदेवाला दुकान घ्यायला तयार झाला. करार अर्थातच सारभूतरावांनी लिहिला. सही झाल्यावर दोन महिन्यांनी ताबा. मधल्या काळात दुकानात सारभूत बदल झाला, तर पडदेवाल्याला मागे हटता येईल. पुढे वाद नकोत म्हणून त्यांनी सरळ आकडे घातले. दोनपैकी एक मशीन कायमचं बंद पडलं, किंवा सहा कामगारांपैकी तीन सोडून गेले, तर तो बदल सारभूत. लिहून झाल्यावर हे कलम त्यांनी स्वतःलाच दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं.

सहीनंतर तीन आठवड्यांनी डागमामा म्हणाले, आता बास.

डागमामा मागच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर बसत. समोर बारक्या बाटल्या, मऊ ब्रश, पांढऱ्या चिंध्या. डाग बघून, हुंगून, तो कशाचा आणि किती दिवसांचा हे ते सांगत आणि मग काढत. गावाच्या दुसऱ्या टोकाहून लोक कपडे घेऊन येत ते यांच्यासाठी.

"चहाचा तपकिरी आणि गंजाचा तपकिरी मला सारखाच दिसायला लागलाय," ते ताईला म्हणाले. "कुणाचा तरी लग्नातला कोट जायच्या आधी मी जातो."

ताईने भावाला बोलावून घेतलं.

"सहातला एक," सारभूतराव म्हणाले. "कलम तिघांचं आहे. पडदेवाल्याला सांगायचं बंधन नाही."

"बंधन नाही ते कळलं. सांगायचं की नाही, ते विचारतेय."

"तो उठून गेला तर तू लेकीकडे कशी जाणार?"

"ते मी बघेन. तू एवढंच सांग, तुला आधी कळलं असतं तर तू सही केली असतीस?"

"मी कशाला ड्रायक्लीनिंगचं दुकान घेतोय?"

"बघ, कसा टाळतोस. लहानपणी काच फोडलीस तेव्हाही असाच उभा होतास."

त्यांचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथूनच परत आला. मामांचीच समजूत घालावी, ताब्यापर्यंत थांबा म्हणावं, म्हणून ते मागच्या खोलीत गेले. टेबलावर एक कोट होता, त्याच्या अस्तरावर तळहाताएवढा डाग. शेजारी शर्ट, कॉलरवर तिळाएवढा ठिपका.

"हे मोठं काम दिसतंय," कोटाकडे बघत ते म्हणाले. बोलायला काहीतरी हवं होतं.

"ते? ते आतल्या बाजूला आहे, साहेब. कोण बघतंय? हा ठिपका बघा. बोलणारा माणूस समोरच्याच्या गळ्याकडे बघतो. आकार नंतर, आधी जागा बघायची."

मामा पुन्हा शर्टाकडे वळले, तो खिडकीशी नेऊन डोळ्यांजवळ धरला, दूर धरला, आणि ब्रश न उचलताच खाली ठेवला. सारभूतरावांनी समजूत घातली नाही. एकतीस वर्षं आपण पट्टी घेऊन डाग मोजत बसलो, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि गंमत म्हणजे पट्टीचं आपल्याला केवढं कौतुक होतं, हेही.

ते रस्ता ओलांडून पडदेवाल्याकडे गेले आणि सांगून टाकलं. पडदेवाला हातातल्या कापडाची घडी घालत राहिला.

"मशिनं मला कुठेही मिळाली असती," तो म्हणाला. "मी दुकान कशासाठी घेत होतो असं वाटतं तुम्हाला?"

"कलमाप्रमाणे तुम्हाला मागे हटता येत नाही." सवयीने तोंडून निघून गेलं.

"मग सांगायला कशाला आलात?"

याला कलम नव्हतं. "ताईने एक प्रश्न विचारला. माझाच प्रश्न होता. उत्तर देता आलं नाही."

पडदेवाल्याने घडी पुरी केली. काउंटरवरच्या बाईंची नजर चांगली आहे, तो म्हणाला; चिठ्ठी हरवली तरी कपडा कुणाचा ते त्या सांगतात. मामांनी त्यांना शिकवावं. त्या तयार होईपर्यंत ताबा पुढे ढकलू. ताईंनी खुशाल जावं, पण तोवर त्यांच्या घरचं कुणीतरी संध्याकाळी काउंटर सांभाळावा. असं म्हणून तो सारभूतरावांकडे बघत राहिला. त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

पुरवणी करार लिहिताना त्यांनी मामांना विचारलं, शिकवणं पुरं झालं हे ठरवायचं कसं? शंभर डाग? नव्वद टक्के?

"ती मला न विचारता ब्रश उचलेल तेव्हा," मामा म्हणाले.

त्यांनी तेच लिहिलं. ऑफिसात शिकाऊ वकिलाने कागद परत आणला. "सर, यात आकडा राहिलाय."

"राहिला नाही. घातला नाही." बोलताना चष्मा नाकावरच होता.

ताई वेळेवर लेकीकडे पोचली. सारभूतराव रोज ऑफिस सुटल्यावर काउंटरवर बसू लागले. पहिल्या आठवड्यात त्यांनी दोन पडदे कोट म्हणून नोंदवले, तेव्हा काउंटरवरच्या बाई मागच्या खोलीतून म्हणाल्या, "साहेब, तुम्ही नुसतं लिहा. ओळखायचं आम्ही बघतो."

एका संध्याकाळी बायको आली आणि एक शर्ट समोर टाकला. त्यांचाच. खिशावर शाईचा ठिपका. त्यांनी पावती ओढली आणि गंभीरपणे लिहिलं: डाग एक, लहान.

"अहो," बायको पावतीवर वाकून म्हणाली, "कुठे आहे, ते लिहा."