तीन नवखे आणि सहा लांडगे

येलदरीच्या वीजघरात मी कारकून होतो तेव्हाची गोष्ट. परदेशातून आलेल्या मावसभावानं मला एका खेळाच्या पुस्तकाची झेरॉक्स दिली. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि लढाईचा निकाल फाशावर लावायचा. वीस बाजूंचा फासा परभणीतही मिळाला नाही, म्हणून चहाच्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. घाव घालणाऱ्यानं चिठ्ठी काढायची, आकडा मोठा निघाला तर घाव लागला.

रविवारी दुपारी आमच्या क्वार्टरमध्ये तिघं बसले: माझी बायको, शेजारचा ऑपरेटर आणि कॉलनीतल्या शाळेच्या एक बाई. तिघांची पात्रं नवखी, जेमतेम पाच-सहा गुणांचा जीव. मी पहिल्याच वळणावर सहा लांडगे सोडले. पुस्तकात लांडगा किरकोळ म्हणून दिला होता. दहा मिनिटांत तिघंही मेले. बाईंचं पात्र झाडपाल्याचं औषध देणारी एक बाई होती. तिचा सगळा इतिहास त्यांनी वहीत लिहून आणला होता. तिला एक चिठ्ठीसुद्धा काढायला मिळाली नाही.

"आमी खेळायला आलतो सर, मरायला न्हाई," म्हणत त्यांनी वही मिटली.

मी ओशाळलो. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत चिंचोके मांडून एकटाच लढाया करून पाहिल्या, तेव्हा चूक कळली. लांडगा किरकोळ खरा, पण सहा लांडग्यांचे एका फेरीत सहा चावे होतात आणि आमच्या लोकांचे घाव तीनच. नवखा दोन चाव्यांत संपतो.

पुढच्या रविवारी तिघांना परत बोलावलं, त्यांची पात्रं पुन्हा जिवंत केली आणि लांडगे दोनच ठेवले, तेही उपासानं अशक्त झालेले. शिवाय त्यांच्या चिठ्ठ्या मी मुठीतच वाचू लागलो. आकडा मोठा आला की कमी करून सांगायचो. तिघं जिंकत गेले. ऑपरेटर खूश होता. बाई मात्र माझ्या मुठीकडं बघत होत्या. तिसऱ्या लढाईत त्यांनी एकदम हात पुढं केला.

"दाखवा ती चिठ्ठी."

मी नऊ सांगितले होते. चिठ्ठीवर एकोणीस होते.

"तुमी आमाला मुद्दाम जिंकवायलाव," त्या म्हणाल्या. "असली दया नको, सर. समोर कितीजण हाईत ते आधी कळू द्या, पळायला वाट ठेवा. मग मेलो तर आमचं आमी बघू."

त्यानंतर चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उघडायच्या असं ठरलं. मी नदीच्या उतारावर चार दरोडेखोर बसवले, पण दुरूनच त्यांच्या चुलीचा धूर दिसू दिला, बोलणं ऐकू दिलं. तिघांनी अर्धा तास खल केला. बाईंच्या पात्रानं आजारी असल्याचं सोंग करून दोघांना झाडीत ओढून आणलं. तिथं दबा धरलेल्या आपल्या दोघांनी त्यांना पाडलं. उरलेल्या दोघांशी समोरासमोर झुंज झाली. बायकोच्या पात्राचा एकच गुण उरला होता. तिसरा दरोडेखोर पडला तसा चौथा पळाला. ऑपरेटर मागं लागला.

"जाऊ द्या त्याला!" बायको ओरडली.

ऑपरेटरनं ऐकलं नाही. चौथ्यानं वळून घाव घातला, चिठ्ठी निघाली अठराची. पात्र जागीच मेलं.

मी त्याच्याकडं बघायचं टाळलं. त्यानं चिठ्ठी डब्यात परत टाकली आणि म्हणाला, "लय भारी मेलो. वहिनी, दुसरा कागद द्या, नवा गडी लिहितो."