आगवाले भिवाकाका

भिवाकाका कोणाच्याही घरी गेले की आधी उंबऱ्यात थांबायचे. हाताचा तळवा दारात आडवा धरायचे आणि आतून बाहेर वारा वाहतो का ते बघायचे. मग पहिला प्रश्न ठरलेला, "खिडकी उघडी आसा मां गो?" घरात कोण आजारी, कोण मुंबईहून आलं, ही विचारपूस नंतर. खिडकी बंद असेल तर ते बाहेर पडवीतच बसायचे. बाहेर कितीही पाऊस असो, आत यायचे नाहीत.

देवगडच्या खाडीकाठी आमची वाडी. वाडीतल्या निम्म्या घरांतला एखादा पुरुष बोटीवर असायचाच. भिवाकाका विलायतेला जाणाऱ्या आगबोटीवर आगवाले होते, म्हणजे बोटीच्या पोटात भट्टीत कोळसा टाकणारे. मी परकर नेसून शाळेत जात होते तेव्हा ते नोकरी सोडून कायमचे घरी आले. उंच, वाळलेला देह, हातांवर भाजल्याचे पांढरे डाग, आणि भुवया जवळजवळ नव्हत्याच. त्या बिनभुवयांच्या चेहऱ्यामुळे ते सतत दचकल्यासारखे दिसत. आम्ही मुलं लांबून ओरडायचो, "भिवा भियेता! भिवा भियेता!" ते रागवत नसत. एकदा मात्र माझ्याजवळ थांबून शांतपणे म्हणाले, "होय गो चेडवा. भियेतंय खरो."

एवढी वर्षं आगीशी झुंजलेला माणूस शेगडीला भितो, ह्याचं वाडीला हसू यायचं. चुलीचं त्यांना काही वाटत नसे. चुलीपुढे बसून ते मजेत पेज जेवायचे. म्हणायचे, "जाळ दिसता थंय भय नाय. धूरय बरो. डोळ्यांत पाणी आणता, पण सांगान येता. निखारो सांगणा नाय." विझत आलेला, धूर न देणारा, लाल निखारा दिसला की ते उठून बाहेर जायचे.

एका पावसाळ्यात देवळाशेजारच्या खोलीत भजन चाललं होतं. वाऱ्यामुळे दारं-खिडक्या लावलेल्या, माणसं दाटीनं बसलेली, आणि ढोलकीचं सर्दावलेलं चामडं शेकायला मध्ये शेगडी. भिवाकाका उंबऱ्यात आले, त्यांनी तळवा धरला, आणि आत घुसून शेगडी उचलली ती थेट पावसात नेऊन उपडी केली. निखारे चरचरले. भजन बंद पडलं. लोक नाही नाही ते बोलले. एकानं तर त्यांच्या अंगावर हात टाकला. ते नुसते उभे होते, धपापत. "गोड झोप येय होती मां तुमका?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. "खरा सांगा. येय होती मां?" पोरांना येत होती. पण तेव्हा तसं कोणी कबूल केलं नाही. म्हातारा भ्रमिष्ट झाला, असंच ठरलं.

मीही तेच समजत होते. लग्न होऊन कुडाळला गेले आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, तोपर्यंत.

श्रावणात मला मुलगी झाली. सुईण होती रखमाक्का. वाडीतली निम्मी मुलं तिच्या हातावर जन्मली होती. हात मऊ, जीभ कडक. तिचा नवरा दत्ताराम हाही बोटीवर आगवाला होता, भिवाकाकांचा जिवाभावाचा सोबती. विलायतेत असताना तो तापानं गेला. ती बातमी आणि त्याची पत्र्याची ट्रंक भिवाकाकांनीच घरी आणली होती. तेव्हापासून रखमाक्का पांढऱ्या कपाळानं दुसऱ्यांच्या लेकी सोडवत होती. भिवाकाका तिला वैनी म्हणत, तिच्या छपराचे नळे शाकारून देत, पण तिच्यासमोर फार वेळ थांबत नसत. रस्त्यात ती दिसली की मान खाली घालून बाजूनं जात.

त्या वर्षी पाऊस आणि वारा ह्यांनी उसंत दिली नाही. लाकडं सगळी ओली. बाळंतिणीला शेक तर हवाच, म्हणून बाबांनी वैभववाडीकडून लाकडी कोळशाचं पोतं मागवलं. आई खूश झाली, "धूर नाय. पोरीचे डोळे चुरचुरूचे नाय." बाळंतिणीची खोली अगदी आतली, वर फळ्यांचा माळा, एकच लहान खिडकी. रखमाक्कानं खिडकीत गोणपाटाचे बोळे कोंबले, दाराच्या फटीत जुनं लुगडं घातलं. "वारो म्हणजे बाळंतिणीचो वैरी," ती म्हणाली, आणि बाजेखाली शेगडी सरकवली.

कोळशाचं पोतं घरात आल्याचं भिवाकाकांना कळलं आणि ते आमच्या पडवीत येऊन बसले. मला आतून त्यांचा आवाज ऐकू येई. "वैनी, येक बोळो काढ. येकच." रखमाक्का फटकारायची, "बापयांनी ह्यात तोंड घालूचा नाय. तुका काय म्हायत बाळंतपणातला?" ते म्हणत, "बाळंतपणातला नाय म्हायत. कोळशाचा म्हायत." "मगे सांग, काय म्हायत ता." त्यावर काही उत्तर यायचं नाही. मला त्या गप्प बसण्याची भीती वाटू लागली. बडबडणाऱ्या म्हाताऱ्याला हसता येतं. पण हा माणूस काहीतरी सांगायला तोंड उघडत होता आणि मिटत होता.

आणि मग ती दुपार. जेवण झालं, रखमाक्कानं मुलीला न्हाऊ घालून माझ्या कुशीत ठेवलं, शेगडीत कोळसे भरले, दार ओढून घेतलं आणि ती आपल्या घरी गेली. आई मागीलदारी होती. मला छान ऊब लागली. डोकं थोडं ठणकत होतं, पण झोप इतकी गोड येत होती की त्याचं काही वाटेना. कूस बदलावी म्हटलं, तर हात हलला नाही. पुन्हा प्रयत्न केला. हात माझाच होता, मला दिसत होता, पण तो कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा पडून होता. मुलगी रडत नव्हती. बराच वेळ रडली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं. मी आईला हाक मारली. ओठ हललेच नाहीत.

तेवढ्यात खिडकीबाहेरून भिवाकाकांचा आवाज आला. "सुमन! आयकतंस मां गो?" मी ऐकत होते. एकेक शब्द ऐकत होते. "सुमन, ओ दी!" मला ओ द्यायची होती. सगळा जीव गोळा करून मी ओ देत होते आणि आवाज निघत नव्हता. इतकी भीती मला पुढे आयुष्यात कधीही वाटली नाही. तो जाईल, आपण झोपलोय असं समजून हा माणूस निघून जाईल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

ते गेले नाहीत. दार धाडकन उघडलं. बारसं व्हायचं होतं, सोयर होतं, त्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकणं म्हणजे अघटितच. त्यांनी माझ्या कुशीतून मुलगी उचलली आणि पळत अंगणातल्या खळ्यात, पावसात गेले. मग मुलीला एका हातानं छातीशी धरूनच आईला हाका मारत परत आले, आणि दोघांनी मला काखेत धरून पडवीत ओढून आणलं. मी भडाभडा ओकले. डोळ्यांपुढे अंधारी होती, पण कान खळ्याकडे लागले होते. भिवाकाका पुन्हा तिथे जाऊन मुलीच्या पाठीवर थोपटत होते, तिच्या तोंडावर फुंकत होते, आणि रडत होते. "रड गो बाय, रड, रड." शेवटी ती रडली. आधी मांजरासारखी बारीक, मग मोठ्यानं.

गलका ऐकून रखमाक्का धावत आली. बाळंतीण पडवीत, मूल पावसात, दार सताड उघडं, हे बघून तिचा तोल गेला. "येडो झालंस तू? इवलासा पोर पावसात धरलंस? शेगडयेन कोण मरता रे? सांग, कोण मेला आजवर?"

भिवाकाकांनी मुलगी आईच्या हातात दिली. त्यांच्या तोंडावरून पाणी निथळत होतं.

"दत्ताराम मेलो," ते म्हणाले.



मग त्यांनी सांगितलं. वर बघितलं नाही, खळ्यातल्या चिखलाकडे बघत सांगितलं. विलायतेतल्या एका बंदरात त्यांची बोट दुरुस्तीला लागली होती. कडाक्याची थंडी. खलाशांना एका घरात ठेवलं होतं. त्या घराच्या पोटात तळघर, आणि तळघरात माणसाएवढी कोळशाची शेगडी. तिच्या उबेनं वरचं सगळं घर तापायचं. ती राखायचं काम ह्या दोघांकडे, म्हणून ते तिच्या शेजारच्याच खोलीत निजायचे. रात्रपाळी करून एका सकाळी दोघे आडवे झाले. बाहेर बर्फ पडत होता. त्या बर्फानं धुराडं बुजलं आणि शेगडीची विषारी हवा खालीच कोंडली, ते कोणालाच कळलं नाही. "माका जाग इली, ती त्येच्या हाकेन. 'भिवा, दार उघड. भिवा, माका गुदमारता.' मी आयकत होतंय, वैनी. दार माझ्या पायाकडे होता. माका पाय हलवूक येय नाय. तो हाक मारीत रवलो आणि मगे गप झालो. वरची माणसा खाली इली तेवा मी जितो होतंय, तो नाय. गाल लाल होते त्येचे. हसान निजल्यासारखो दिसा होतो." तोंडावरचं पाणी पुसून म्हणाले, "तुका कसा सांगू? ताप इलो म्हणान सांगलंय."

रखमाक्काचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तो हाक मारी होतो. आणि तू निजान रवलंस?"

तो प्रश्न भिवाकाका स्वतःला किती वर्षं विचारत होते, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

"आक्का," मी म्हटलं. जीभ अजून जड होती. "भिवाकाका माका हाक मारी होते. माका सगळा आयकाक येय होता. माझा चेडू माझ्या कुशीत मरत होता आणि माका हात उचलूक येय नाय. आवशीची शपथ, आक्का. येय नाय."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावून पावसातच आपल्या घराकडे गेली. संध्याकाळी परत आली, मुलीला न्हाऊ घातलं, आणि खिडकीतले बोळे एकेक करून स्वतः काढले. भिवाकाकांशी मात्र ती बोलली नाही. पुढे कितीतरी दिवस बोलली नाही.

मी कुडाळला निघाले त्या दिवशी भिवाकाका एसटीच्या थांब्यावर आले होते. मुलीच्या टाळूवरून बोट फिरवत म्हणाले, "मन मोकळा केला की भय जाता म्हणतत. झूट गो. माझा गेला नाय. खय बसलेला आसा ता पूर्वी कळा नाय, आता कळता, इतकाच."

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी ते गेले. मी नव्हते, आईनं सांगितलं. दमा वाढला होता, श्वास घेताना घरघर व्हायची आणि डोळे भीतीनं मोठे व्हायचे. कोणाला न विचारता रखमाक्का चटई घेऊन आली आणि त्यांच्या उशाशी बसली. आई म्हणाली, एकदा त्यांना धाप लागली, त्यांनी चाचपडत हात पुढे केला आणि अस्पष्ट म्हणाले, "वैनी, भय वाटता."

रखमाक्कानं तो डागांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "वाटांदे," ती म्हणाली. "मी जागी आसंय."

आणि ते जाईपर्यंत ती जागी होती.