बाकावरची छत्री

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नाही. रस्त्यात कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं, की ते मुद्दाम ओलांडून जाणारा मी. तरी हे लिहितोय, कारण घरात सांगायची सोय नाही...

विश्रांतवाडीत आमच्या गल्लीच्या टोकाला एक छोटी सार्वजनिक बाग आहे. तिथे कडुनिंबाखाली सिमेंटचं एक बाक. माझ्या लहानपणी आम्ही दोन खोल्यांत नऊ माणसं राहायचो. आई-बाबांना एकमेकांशी चार शब्द बोलायला घरात जागाच नव्हती. म्हणून संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले, की "भाजी घेऊन येतो" म्हणून दोघं निघायची आणि या बाकावर जाऊन बसायची. ओळखीचं कुणी येताना दिसलं, की बाबा आपली काळी छत्री उघडून रस्त्याच्या बाजूला आडवी धरायचे – भर उन्हाळ्यातसुद्धा! छत्रीमागे कोण आहे ते अख्ख्या गल्लीला ठाऊक. पण छत्री उघडी असली, की हाक मारायची नाही ही रीतच पडली होती. तिला भोक पडलं तेव्हा आईनं आपल्या निळ्या फुलांच्या ब्लाउजपीसचं ठिगळ लावलं. बाबा तीच छत्री ऐटीत ऑफिसला न्यायचे. फार गोड दिवस होते ते.

एकदा मी आईला विचारलं होतं, "तुम्ही तिथे काय बोलता गं?"

"तुला रे कशाला हव्यात नसत्या चौकशा?"

बाबा गेले, पण आईनं तिथे जाणं सोडलं नाही. बाकाच्या एका कडेला बसायची, दुसरी बाजू मोकळी ठेवून.

गेल्या वर्षी बागेजवळ एकीचं मंगळसूत्र खेचलं. आमच्या नागरिक मंडळानं तिथे कॅमेरा बसवला – पुढाकार अर्थात माझा. फीड माझ्या मोबाईलवर. मी कौतुकानं आईला दाखवलं, "बघ, तू किती क्लिअर दिसतेस! आता काळजी नाही."

ती बघत राहिली. "ओठ हललेलेसुद्धा दिसतात रे," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिचं बागेत जाणं बंद. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. मला धास्तीच वाटायला लागली. शेवटी गयावया केली, "जा गं, मी बघणार नाही."

"तू नाही बघितलंस तरी ते बघतंच ना? ह्यांना नाही आवडायचं." पण गेली.

मला कुठलं राहवतंय! ॲप उघडलं तर स्क्रीन काळी. निरखून पाहिलं... काळं कापड, काड्या. धावत बागेत गेलो. उजेड होता, कडुनिंबाच्या शेंड्यावर ऊन होतं. खांबावरच्या कॅमेऱ्यासमोर काहीच नव्हतं, आणि तिथपर्यंत कुणाचा हात पोचणंही शक्य नव्हतं. आई एकटीच बाकावर हळू आवाजात बोलत होती, मध्येच हसत होती. मी तसाच मागे फिरलो.

मग रोज तेच. ती बसली की अंधार, उठली की चित्र स्वच्छ! टेक्निशियनला बोलावलं. त्यानं लेन्स पुसली, वायर तपासली, रेकॉर्डिंग मोठं करून पाहिलं.

"साहेब, कॅमेऱ्याला काय बी झालं नाय. कुनीतरी छत्री धरलीय की! हे बघा, ठिगळ बी हाय. निळी फुलं हायेत."

ती छत्री बाबांच्या हयातीतच मोडून भंगारात गेली होती.

कॅमेरा मी फाटकाकडे वळवून घेतला. मंडळातले जोशी म्हणालेच, "का हो, चोरांनी फाटकातूनच येतो असं कळवलंय वाटतं?" मी ऐकून घेतलं. आता आई आत जाताना दिसते, बाहेर येताना दिसते. मधलं कुणालाच दिसत नाही. तिचं जेवणही पूर्ववत झालंय.

छत्रीचं कोडं मला आजही सुटलेलं नाही. कुणाला सुटलं तर जरूर कळवा. परवा धीर करून आईला विचारलं, "तुम्ही तिथे काय बोलता गं?"

'तुम्ही' म्हटल्याचं तिला नवल वाटलं नाही. पोळी लाटता लाटता ती लाजून हसली.

"तुला रे कशाला हव्यात नसत्या चौकशा?"