डॉक्टरांनी पाठवलेलं उत्तर

“गिलास वहीं रख दे. बहू दे देगी.”

डॉक्टरांच्या आईने मान फिरवली. गोळी माझ्या हातात, पेला माझ्या हातात, आणि तिचं तोंड भिंतीकडे. नुकतीच याच हातांनी मी तिची घाण काढली होती, पाठ पुसली होती, पावडर लावली होती. तेव्हा हात कोणाचे आहेत ते तिला आठवलं नव्हतं. सूनबाई आल्या, दुसरा पेला भरला. माझा पेला त्यांनी माझ्यादेखत बेसिनमध्ये रिकामा केला.

मी मोलकरीण नव्हते. शंकर नगरात डॉक्टरांचं नर्सिंग होम होतं, तिथली मी स्टाफ नर्स. रायपूर छत्तीसगडची राजधानी झाली आणि चौकाचौकात दवाखाने निघाले, त्यातलंच हे एक. वडील विदर्भातून आलेले, रेल्वेत खलाशी, म्हणजे मजूर. आम्ही बौद्ध. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी आडनाव विचारलं होतं आणि “अच्छा, अच्छा” म्हणाले होते.

सौदीच्या एका हॉस्पिटलात मी दिल्लीच्या एका एजन्सीमार्फत अर्ज केला होता. मुलाखत झाली, पसंत पडले. आता एवढंच राहिलं होतं की, ही आमच्याकडे नर्स आहे असं डॉक्टरांनी एजन्सीच्या मेलला उत्तर देऊन कळवायचं. दोन ओळींचं काम.

“हो जाएगा, बेटा. तब तक घर पे माँजी को देख ले.”

बेटा म्हणाले आणि मी विरघळले. वॉर्डाच्या ड्यूटीतून माझं नाव गेलं. मी रोज विचारायची, डॉक्टर रोज गोड हसायचे. त्या हसण्याची मला हळूहळू भीती वाटायला लागली. सोबत अर्ज केलेल्या मुलीचा व्हिसा आला, ती गेलीसुद्धा. माझा फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायची, नाही वाजला की बंद तर पडला नाही ना ते बघायची. वॉर्डातल्या मुली नजर चुकवायला लागल्या. त्यांना काहीतरी माहीत होतं. मला कोणी सांगत नव्हतं.

आई विचारायची, “काहून नाही आला वं फोन? तू काही बोलली तं नाही ना त्याइले?”

नव्हते बोलले. एक शब्दही नाही.

शेवटी दिल्लीच्या एजन्सीचा फोन आला. बाई अदबीने बोलत होती. “मैडम, आपके हॉस्पिटल का जवाब आ गया है. वो कहते हैं, आप उनके घर में आया हैं. नर्स कभी थीं ही नहीं.”

मी डॉक्टरांच्या घरात उभी होते. हातात बेडपॅन. फोनवरच्या बाईला खोटं आहे म्हणून सांगणार कशी? मला घरी का पाठवलं ते तेव्हा कळलं. स्वस्तातली नर्स हातची जाऊ द्यायची नव्हती, म्हणून आधी तिची आया केली आणि मग तसं कळवून टाकलं.

रडू आलं, पण राग मोठा होता. बेडपॅन तिथेच फरशीवर ठेवला. आतून हाक आली, “अरी, कहाँ मर गई?” पहिल्यांदाच मी गेले नाही.

तशीच नर्सिंग होमला गेले. ओपीडी भरलेली. डॉक्टर खेकसले, “यहाँ क्यों आई? माँजी के पास कौन है?”

“उनकी बहू है. मैं नर्स हूँ. आपने लिखा, आया हूँ. अब सबके सामने बोलिए, इन लोगों को सुई किसने लगाई?”

पेशंट खाली बघत राहिले. माझ्याच हाताने सलाईन लावलेली माणसं. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “तुम लोगों को सिर पे चढ़ाओ तो यही होता है. पूरे रायपुर में काम नहीं मिलेगा.”

खरंच नाही मिळालं. जिथे जिथे गेले, तिथे त्यांचा फोन माझ्याआधी पोचलेला. सौदीची जागाही गेली. नर्सिंग कौन्सिलात तक्रार टाकली आहे, तिथून अजून काही नाही. आई म्हणते, गप राय. मी गप्प राहणार नाही.

काल कळलं, त्या घरी आता दुसरी नर्स जाते. अभनपूरची पोट्टी, नुकतीच पास झालेली. तिनेही दुबईला अर्ज केलाय आणि उत्तराची वाट बघतेय. उद्या सकाळी ती ऑटोतून उतरेल तेव्हा मी डॉक्टरांच्या फाटकात उभी असेन. त्यांना पोलीस बोलवायचे असतील तर बोलवू देत. त्या पोरीला मी आत पाऊल टाकू देणार नाही.