सुलोबाईच्या तारेवरची पन्नी

"मामा, आई गेली," भाचीनं फोनवर एवढंच सांगितलं. कोणतीही बातमी पदरचं शेरभर घातल्याशिवाय मी पुढं जाऊ देत नाही, हे आमच्या कोरपन्यातली कुत्रीसुद्धा ओळखून आहेत. त्या दिवशी घालायला पदरी काहीच निघालं नाही. महिना होऊन गेला… अजून निघत नाही.

सुलोबाई माझी थोरली बहीण. सिमेंट कारखान्याच्या फाट्यावर तिची चहाची टपरी. तिचा चहा पिऊन निघालेला ट्रकवाला हैदराबादपर्यंत पापणी मिटत नाही आणि तिथून फोन करून विचारतो, बाई, आता झोपू कसा, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. ती चुलीवरून मान न वळवता म्हणायची, "बापू, अर्धं काप." जन्मभर तिनं माझं अर्धंच ऐकलं. पूर्ण ऐकलं ते एकदाच.

तेव्हा ती कारखान्याच्या गेटवर किटली आणि काचेचे गिलास पाठवायची. जायचे बारा, यायचे सात. मी चंद्रपूरहून प्लास्टिकच्या पन्न्यांचं बंडल आणलं. उकळता चहा पन्नीत ओतायचा, वर रबर लावायचं, झालं पार्सल. "गिलास धुणं नाई, फुटणं नाई," मी म्हटलं. पुढं कितीतरी वर्षं मी सांगत फिरलो, की पन्नीतल्या चहाचा शोध अख्ख्या जिल्ह्यात मीच लावला. कुणी न नेलेलं पार्सल सुलोबाई फेकायची नाही. कोपरा दातानं फोडायची आणि उभ्या उभ्या प्यायची, गरम गरम. दुधाच्या रिकाम्या पन्न्या धुऊन अंगणातल्या तारेवर चिमट्यांनी वाळत घालायची, लुगड्यांच्या शेजारी. घरचं मीठ, तिखट, लोणचं त्यांच्यातच.

छातीतली गाठ तिनं सहा महिने पदराआड ठेवली. "दुखत नाई तं काऊन सांगू?" नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा कॅन्सर शरीरातल्या हार्मोनवर पोसतो. मी त्यांना दाराबाहेर गाठलं आणि पन्नीचं विचारलं. त्या थांबल्या. "प्लास्टिक तापलं, झिजलं की डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात. त्यातली काही रसायनं हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात. त्यानं कॅन्सर होतो का, ते अजून पक्कं झालेलं नाही. तुमच्या बहिणीला कशानं झाला, हे मी सांगू शकत नाही."

"हो म्हणा, नाई तं नाई म्हणा," मी म्हटलं. त्या पुढच्या वॉर्डाकडे वळल्या.

शेवटच्या आठवड्यात तिच्या खाटेशी बसून मी बोलून टाकलं. "बाई, तुले हे माह्या पन्नीनं झालं." केस गेलेल्या डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला. मग म्हणाली, "बापू, अर्धं काप."

उरलेलं अर्धं कुठी ठेवू, हे विचारायचं राहून गेलं…

तेरवीनंतर पाहिलं तर तारेवर एक पन्नी तशीच होती, उन्हानं पिवळी पडलेली. तिच्या हातची शेवटची, जपून ठेवावी म्हणून चिमटा काढला. बोट लागताच चुरा झाला. थोडा बोटांना चिकटला, थोडा शेजारी वाळत असलेल्या सुलोबाईच्या नातीच्या फ्रॉकवर, बाकीचा मातीत. भाचीनं झाडू आणला, पण मी खाली बसून एकेक कण वेचू लागलो. एरवी सगळा वेचला म्हणून सांगितलं असतं. अर्धासुद्धा वेचता आला नाही.