चावीवाल्या आत्या आणि मुरलेलं पाणी

गावाच्या पाणीपुरवठा खात्यात सव्वीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे चावीवाल्या आत्या म्हणत. व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून त्या सकाळी निघाल्या की गल्लोगल्ली बादल्या खडखडायच्या. कुणी वशिला लावायला आलं तर म्हणायच्या, "पाणी माझ्या माहेरचं असतं तर दिलं असतं हो चार बादल्या जास्त!"

सीमेपलीकडे लढाई पेटली आणि बंद सूतगिरणीत नऊशे निर्वासित येऊन राहिले. गावाने आधी पांघरुणं दिली, भांडी दिली. महिन्याभरात वरच्या मजल्यांचे नळ कोरडे पडले आणि मायाही आटली. "आमच्या तोंडचं पाणी पळवलं यांनी," लोक उघड बोलू लागले. आत्यांचा सख्खा भाऊसुद्धा जेवता जेवता म्हणाला, "ताई, गिरणीची लाइन दोन तास कमी सोड. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना! टाकीतून निघतं तेवढं पाणी त्यांना बापजन्मी संपायचं नाही. मधेच कुठंतरी मुरतंय."

दुसऱ्या दिवशी आत्या गिरणीसमोर पोलादी दांडा जमिनीत रोवून, दुसरं टोक कानाला लावून गळतीचा आवाज ऐकत होत्या. निर्वासितांच्या रांगेतून एक बाई बादली सोडून आली, दांडा उपटला आणि चार पावलं पलीकडे रोवला. दोन्ही भाषा येणारा त्यांच्यातला एक मास्तर ओशाळून म्हणाला, "ही तिच्या शहरात हेच काम करायची. म्हणते, तुम्ही भलतीकडेच ऐकताय."

आत्यांनी कान लावला. खाली सुळसुळ चालली होती. त्या खळखळून हसल्या. "सव्वीस वर्षांत माझी चूक काढणारी पहिलीच भेटली. चल गं बाई माझ्याबरोबर."

पाच दिवस दोघी सगळं गाव पायाखाली घालत होत्या. बोलणं हातवाऱ्यांचं, खुणा खडूच्या. गळतीच्या अकरा जागांवर फुल्या पडल्या. तोवर मदतसंस्थेचे साहेब निर्वासितांसाठी टँकर घेऊन येणार असल्याचं कळलं.

आत्यांनी त्यांना गाठलं. "टँकर थांबले की भांडण पुन्हा सुरू. त्यापेक्षा पाइप द्या. खड्डे आम्ही खणतो, गाव आणि गिरणी मिळून."

"पण ही मदत निर्वासितांसाठी आहे."

"टाकी एकच आहे, साहेब. आम्ही तहानलेले राहिलो तर त्यांना सुखानं पिऊ देऊ का?"

साहेबांनी वरपर्यंत बोलून आठ दिवसांत पाइप आणले. पहिल्या खड्ड्याशी आत्यांचा भाऊ हाताची घडी घालून उभा होता. गावातल्या बेकरीसमोरचा तो पाइप वीतभर फाटलेला दिसला, तेव्हा त्याने फावडं उचललं. गिरणीतले दोघे त्याच्याशेजारी गुडघाभर चिखलात उतरले.

खणायला लागल्यापासून एकोणिसाव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई खिडकीतून ओरडल्या, "आलं, आलं! धो धो आलं!"

मग आत्या खात्याच्या साहेबांपुढे ठाण मांडून बसल्या. निर्वासिताला कामाचा परवाना मिळायला तीन महिने लागले, पण गिरणीतल्या त्या बाईची खात्यात नेमणूक झालीच. आज निम्म्या गावाचं पाणी तिच्याकडे आहे. भाषा अजून मोडकीतोडकी, पण सार्वजनिक नळावर कुणी पुढे घुसला, की ती अस्सल इथल्या ठसक्यात म्हणते, "ओ दादा, रांगेत या!"